गोव्यातून चलनधोरणाचा अभ्यासक होण्यासाठी

चलनधोरणाचा अभ्यास म्हणजे उद्या डॉलर किती रुपयांना मिळेल हे सांगण्याची विद्या, अशा समजुतीने या विषयाकडे वळणारे विद्यार्थी थोडे नाहीत, आणि पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्याच वर्षी त्यांचा हिरमोड होतो. 1983 साली रिचर्ड मीझ आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी विनिमय दराची त्या काळची नावाजलेली प्रतिमाने (मॉडेल्स) तपासून पाहिली, तेव्हा काही महिन्यांपुढचे भाकीत करताना ‘आजचा दर तोच उद्याचा दर’ या भाबड्या नियमावर त्यांतले एकही मात करू शकले नाही. त्या निष्कर्षाला पुढे पुष्कळ पुरवण्या जोडल्या गेल्या, तरी तो मोडीत निघालेला नाही. ज्याला भाकितेच करायची आहेत त्याने एखाद्या बँकेच्या ट्रेझरी विभागात नोकरी पाहावी. तिथे पगार बरा असतो आणि आपले चुकले की नाही हे संध्याकाळपर्यंत कळते. विद्यापीठात बसून चलनाचा अभ्यास करणाऱ्याचे काम निराळे आहे. एखादी चलनव्यवस्था कोणी आणि कोणत्या अडचणीतून स्वीकारली, ती बदलली तेव्हा नफा कोणाला झाला आणि भुर्दंड कोणाच्या माथी बसला, मध्यवर्ती बँक जे बोलते आणि जे करते त्यांत अंतर किती, हे त्याने आकडेवारीच्या व कागदपत्रांच्या आधारे सिद्ध करून दाखवायचे असते.

गोव्यातल्या मराठी मुलामुलींपैकी ज्यांना हे काम आयुष्यभराचे म्हणून करावेसे वाटते, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. या विषयाची हत्यारे, म्हणजे गणित, अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण) आणि इंग्रजीतले अद्ययावत वाङ्मय, गोव्याबाहेर जाऊन किंवा निदान बाहेर नजर ठेवून मिळवावी लागतात. प्रश्न मात्र इथे दाराशी पडलेले आहेत, आणि ते दिल्ली-मुंबईच्या विद्यार्थ्यांना सहसा दिसत नाहीत. करिअरची आखणी ही विभागणी ध्यानात ठेवून करावी.

गणित आणि ताळेबंद

अकरावीला कला शाखा घेतली की गणित सुटते, आणि अर्थशास्त्रात बी.ए. करताना त्याची उणीव फारशी जाणवत नाही. ती जाणवते पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या वेळी. मुंबईच्या गोरेगाव येथील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, भारतीय सांख्यिकी संस्थेचे दिल्ली केंद्र किंवा दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांपैकी कुठेही जायचे तर कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि संख्याशास्त्र यांची पक्की तयारी लागते. ज्याचे गणित सुटले आहे त्याने बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून रोज तासभर त्यासाठी बाजूला काढावा, विज्ञान शाखेतल्या मित्राकडून उदाहरणे तपासून घ्यावीत, आणि कॉलेजात गणित किंवा संख्याशास्त्र हा जोडविषय म्हणून घेता येत असेल तर गुण कमी पडण्याच्या भीतीने तो टाळू नये.

गणिताइतकीच निकडीची, पण अभ्यासक्रमात फारशी न शिकवली जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे मध्यवर्ती बँकेचा ताळेबंद वाचता येणे. रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी साप्ताहिक सांख्यिकी पुरवणी प्रसिद्ध करते. ती उतरवून घ्यावी आणि एका कागदावर दोन रकाने पाडून पुढील व्यवहार हाताने मांडून पाहावा. रुपया फार वधारू नये म्हणून रिझर्व्ह बँक बाजारातून डॉलर विकत घेते. मालमत्तेच्या रकान्यात परकीय गंगाजळी वाढली. देण्यांच्या रकान्यात बँकांच्या खात्यांवर तितकेच रुपये जमा झाले. हे रुपये तसेच राहू दिले तर व्याजदर खाली येतील आणि कालांतराने महागाईला खतपाणी मिळेल, म्हणून बँक आपल्याकडचे सरकारी रोखे विकून ते रुपये परत शोषून घेते. आता मालमत्तेत डॉलर वाढले, रोखे घटले आणि देणी जवळपास पूर्ववत झाली. या शोषणाला अंत असतो, कारण विकायला रोखेच उरले नाहीत तर पुढे काय, असा प्रश्न येतो. भारतात तो प्रत्यक्ष आला, आणि 2004 साली त्यावर तोडगा म्हणून बाजार स्थिरीकरण योजना, म्हणजे केवळ या शोषणासाठी सरकारने खास रोखे काढण्याची योजना, काढावी लागली. जो विद्यार्थी ही चार पावले कोणत्याही पुस्तकाविना मांडू शकतो आणि प्रत्येक पावलावर व्याजाचा तोटा कोण सोसतो हे सांगू शकतो, त्याला चलनधोरणाचा निम्मा गाभा समजला असे मी धरून चालतो.

उरलेल्या निम्म्यात ‘अशक्य त्रयी’ येते: स्थिर विनिमय दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वतंत्र व्याजदर धोरण या तीन गोष्टी कोणत्याही देशाला एकाच वेळी लाभत नाहीत. हे सूत्र पाठ करणे सोपे आहे. भारताचा इतिहास त्याच्या चौकटीत बसवून पाहावा. 6 जून 1966 रोजी डॉलरचा भाव 4.76 रुपयांवरून 7.50 रुपयांवर नेला गेला, 1991 च्या जुलैत दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले, मार्च 1993 पासून दर बाजारावर सोपवला गेला, ऑगस्ट 1994 मध्ये चालू खात्यावरील परिवर्तनीयता (व्यापारासारख्या व्यवहारांसाठी चलन मोकळेपणी बदलून घेण्याची मुभा) स्वीकारली गेली, आणि भांडवली खात्याच्या, म्हणजे गुंतवणूक व कर्जांच्या व्यवहारांच्या, पूर्ण परिवर्तनीयतेसाठी 1997 व 2006 असे दोनदा तारापोर समित्यांचे अहवाल येऊनही ते दार आजवर अर्धेच उघडले गेले. या प्रत्येक वळणावर त्रयीतले काय सोडले आणि काय राखले हे लिहून काढण्याचा सराव एम.ए.च्या दोन वर्षांत पुरा व्हावा.

एम.ए. कुठे करावे याविषयी फार बोलण्यासारखे नाही. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात, सध्या गोवा बिझनेस स्कूलच्या छत्राखाली, अर्थशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पुण्याची गोखले संस्था मराठी विद्यार्थ्याला आपलीशी वाटते. वर उल्लेखिलेल्या संस्था गणिताच्या बाजूने कडक आहेत. घरची परिस्थिती बाहेर जाऊ देणारी नसेल तर गोव्यातच एम.ए. करून पीएच.डी.ला बाहेर पडणे हा मार्ग मुळीच कमीपणाचा नाही; मात्र अशा वेळी अर्थमिती आणि ‘आर’ किंवा ‘स्टाटा’ यांपैकी एक संगणक प्रणाली स्वतःच्या बळावर शिकावी लागते.

नोटांच्या दर्शनी किमती काय सांगतात

आता गोव्याकडे वळू, कारण इथे विषय खरोखर समृद्ध आहे आणि त्याला हात लावणारे फार थोडे आहेत. अफोंसो द आल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा घेतल्याबरोबर इथे टांकसाळ सुरू केली. पोर्तुगाल व ब्रिटन यांच्यातल्या 1878 च्या करारानंतर, पोर्तुगीज राजा लुईशच्या मुद्रेचे गोव्याचे रुपये 1881 व 1882 साली चक्क ब्रिटिशांच्या कलकत्त्याच्या टांकसाळीत पडले, ब्रिटिश हिंदच्या रुपयाच्याच वजनाचे आणि कसाचे. एका साम्राज्याने आपले नाणे दुसऱ्या साम्राज्याच्या रुपयाला असे जखडून घेणे, त्यासोबत जकात-संघ स्वीकारणे आणि मिठावरचे नियंत्रण गमावणे, आणि 1892 मध्ये हे सारे संपुष्टात येणे, हा आजच्या परिभाषेत चलनसंघाच्या उभारणीचा आणि विघटनाचा नमुना आहे. मिठागरे आणि भंडारी समाजाचा माडाचा धंदा यांवर त्या कराराने काय ओढवले याविषयी इतिहासकारांनी लिहिले आहे; चलनाच्या बाजूने त्याची मोजदाद व्हायला पुष्कळ वाव आहे.

कागदी नोटांचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. 1868 पासून गोव्यात शाखा असलेली बांको नासियोनाल अल्ट्रामारीनो ही बँक पोर्तुगीज हिंदच्या नोटा काढत असे. 1959 च्या आरंभी रुपया (16 टांगांचा एक) जाऊन एस्कुदो आला, आणि दर ठरला एका रुपयाला सहा एस्कुदो. त्या वेळी निघालेल्या नोटांच्या दर्शनी किमती अशा होत्या: 30, 60, 100, 300, 600 आणि 1000. मध्यभागातली 100 ची आणि शेवटची 1000 ची नोट सोडली तर प्रत्येक आकडा सहाने भागून पाहावा. 30 म्हणजे पाच रुपये, 60 म्हणजे दहा, 300 म्हणजे पन्नास, 600 म्हणजे शंभर. ज्या सरकारने कागदोपत्री रुपया रद्द केला, त्यालाच लोकांच्या हिशेबातला रुपया नोटांवर मान्य करावा लागला, असा तर्क इथे मांडता येतो. तर्क मांडणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. सिद्ध करायचे तर त्या काळची दुकानदारांची खातेपुस्तके, वृत्तपत्रांतल्या जाहिरातींतील किमती आणि सरकारी राजपत्रांतील आदेश धुंडाळावे लागतील. पणजीच्या पाटोवरील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आणि राज्याचे पुराभिलेख खाते ही त्यासाठी पहिली दोन ठिकाणे. पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र तिसरे.

या वाटेने जाणाऱ्याने पोर्तुगीज शिकलीच पाहिजे, निदान राजपत्र आणि बँकेचा अहवाल वाचण्यापुरती. पणजीत तिचे वर्ग चालतात आणि विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळे सबब उरत नाही. अल्ट्रामारीनो बँक 2001 मध्ये लिस्बनच्या काइशा जेराल द देपोझितुश या बँकेत विलीन झाली आणि तिचे ऐतिहासिक दप्तर तिकडेच आहे. प्रबंधाचा विषय या अंगाने ठरला तर लिस्बनच्या एका मुक्कामाची तजवीज शिष्यवृत्तीच्या अर्जातच करून ठेवावी. 1961 च्या डिसेंबरात याच बँकेने गोवेकरांचे गहाण दागिने लिस्बनला हलवले आणि ते तीस वर्षांनी, 1991 मध्ये परत आले, ही गोष्ट गोव्यातल्या जुन्या घरांत अजून निघते. तारणाची मालमत्ता परदेशी गेली तर कर्जदाराचे काय होते, हा तिच्यातला आर्थिक प्रश्न.

19 डिसेंबर 1961 नंतर गोवा भारतीय रुपयाच्या क्षेत्रात आला. योगायोग असा की त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मंडेल यांचा इष्टतम चलनक्षेत्रावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, ज्यात एकाच चलनाखाली कोणत्या प्रदेशांनी नांदावे हा प्रश्न प्रथम नीट मांडला गेला. गोव्याला तो तंतोतंत लागू पडतो. 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि एका राज्याची निर्यात कोसळली. पण राज्याला आपले चलन स्वस्त करून तो धक्का पचवण्याची सोय नाही, व्याजदरही मुंबईत ठरतो. मग धक्का कशातून पचला: मजुरांच्या स्थलांतरातून, केंद्राच्या निधीतून, की पर्यटनाच्या वाढीतून? यावर एक अख्खा प्रबंध उभा राहील.

आखाताचा धागाही विसरू नये. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखाती देशांसाठी खास वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या, सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी. कुवेत 1961 मध्ये त्यांतून बाहेर पडले आणि 1966 च्या अवमूल्यनानंतर इतरांनीही पाठ फिरवली. त्या काळात आखातात आणि बोटींवर काम करणाऱ्या गोवेकर तारवट्यांच्या पगाराचे मोल त्या एका रात्रीत कसे बदलले, हे शोधण्यासाठी कुठल्याही परदेशी दप्तराची गरज नाही. सासष्टी-बार्देशातल्या घरांतल्या पत्रांच्या पेट्या पुरतील, अर्थात घरमालकांची संमती घेऊन.

कळंगुटचा फलक

इतिहासात रस नसलेल्याने कळंगुट किंवा बागाच्या रस्त्यावर एक फेरी मारावी. परकीय चलन बदलून देणाऱ्या प्रत्येक परवानाधारक दुकानाला आपले खरेदी-विक्रीचे दर दिसतील असे लावावे लागतात. रिझर्व्ह बँकेचा तसा दंडक आहे. फलकावर दोन रकाने असतात. समजा, पौंड 108 रुपयांना घेतला जातो आणि 114 ला विकला जातो. मध्य धरला 111, फरक 6, म्हणजे सुमारे 5.4 टक्के. हाच आकडा त्या दिवशीच्या अधिकृत संदर्भ दराशी ताडून पाहावा, जो 2018 च्या जुलैपासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था प्रसिद्ध करते. आता प्रश्न सुरू होतात. हा फरक डिसेंबरात आणि जूनमध्ये सारखाच असतो का? पणजीच्या बँकेत आणि किनाऱ्यावर? पौंडासारख्या रोज खपणाऱ्या चलनात आणि क्वचित येणाऱ्या चलनात? बाजारात रुपया अचानक घसरला तर फलकावरचा खरेदीचा दर आधी हलतो की विक्रीचा?

हे काम पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही करू शकतो, पण ते नीट करायचे तर काही पथ्ये आहेत. दुकाने आधी ठरवून घ्यावीत आणि मग बदलू नयेत. नोंद दर आठवड्याला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी घ्यावी. फलक पुसलेला किंवा दुकान बंद असेल तर तेही नोंदवावे, कारण पावसाळ्यात कोणती दुकाने बंद राहतात हीसुद्धा माहितीच असते. आणि दुकानदाराला आपण कोण व कशासाठी लिहून घेतो ते सांगून टाकावे. एका हंगामाची नोंद पुरत नाही, दोन हंगाम तरी हवेत. फलकावरचा दर आणि प्रत्यक्ष दिलेला दर यांत घासाघीस होते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. निबंधात ते मर्यादा म्हणून स्पष्ट लिहावे, लपवू नये. परीक्षकाला ती फट नक्की दिसते आणि मग उरलेल्या कामावरचाही त्याचा विश्वास उडतो.

आकडेवारीची टंचाई हे गोव्यावर काम करणाऱ्याचे जुने दुखणे आहे. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 14.58 लाख होती, आणि महागाईच्या मासिक प्रसिद्धिपत्रकात राज्यनिहाय दर बराच काळ 50 लाखांहून अधिक वस्तीच्या राज्यांचेच छापले गेले. गोव्याचा निर्देशांक मूळ कोष्टकांतून काढावा लागतो, आणि नमुना लहान असल्याने तो महिन्यागणिक उड्या मारतो. उलट बँकिंगची माहिती बरी मिळते: रिझर्व्ह बँकेच्या ऑनलाइन सांख्यिकी भांडारात जिल्हावार ठेवी आणि कर्जे आहेत, शिवाय राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांचे कागद आहेत. ठेवी भरपूर आणि त्यामानाने कर्जवाटप कमी, हे गोव्याचे जुने चित्र त्यांत दिसते. रेपो दर (ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो) घटला तर अशा राज्यात त्याचा परिणाम कोणत्या वाटेने पोचतो, की पोचतच नाही, हा पतधोरणाच्या अभ्यासकाला गोव्याने दिलेला आयता प्रश्न आहे.

प्रबंध आणि मार्गदर्शक

पीएच.डी.साठी भारतात राहायचे तर नेट परीक्षा पहिली पायरी. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात, ज्यात गोव्यात घरून राहून निभावते, दिल्ली-मुंबईत ओढाताण होते. 2022 च्या नियमांनुसार किमान कालावधी तीन वर्षांचा आहे. चलनविषयक प्रबंधाला पाच धरून चालावे. परदेशी जायचे असेल तर फी माफ करून विद्यावेतन देणाऱ्या विभागांनाच अर्ज करावा. कर्ज काढून अर्थशास्त्राची पीएच.डी. करू नये, या मताचा मी आहे, आणि ते चलनतज्ज्ञाला तरी पटायला हरकत नसावी: कमाई रुपयांत आणि हप्ता डॉलरशी बांधलेला, ही जोखीम त्याने वर्गात दुसऱ्यांना समजावून सांगायची असते.

मार्गदर्शक निवडताना त्याचे नाव किती मोठे आहे हे पाहण्याआधी त्याचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि पुढे कुठे गेले ते पाहावे. आणि आपल्या मतांशी सहमत असणाराच मार्गदर्शक हवा, हा हट्ट सोडावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन यांच्या देखरेखीखाली लिहिला. 1923 साली तो ग्रंथरूपाने आला तेव्हा कॅनन यांनी प्रस्तावनेत स्पष्ट म्हटले की आंबेडकरांचा सुवर्ण विनिमय पद्धतीला (देशात सोन्याची नाणी न चालवता रुपया सोन्याशी बांधलेल्या पौंडाशी जोडण्याला) असलेला विरोध आपल्याला मान्य नाही आणि त्यांचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत; तरीही त्या मांडणीच्या ताजेपणाची त्यांनी वाखाणणी केली. त्या पद्धतीचा पुरस्कार करणारे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांचे पुस्तक दहाच वर्षांपूर्वी, 1913 मध्ये आले होते. तिशीतल्या संशोधकाने त्या मतापुढे उभे राहून, विनिमय दराच्या स्थैर्यापेक्षा रुपयाच्या अंतर्गत क्रयशक्तीचे स्थैर्य महत्त्वाचे, असा उलट पक्ष आकड्यांनिशी लढवला. जयंतीच्या भाषणांत या ग्रंथाचे नाव घेणारे पुष्कळ भेटतात; चलनधोरणाच्या विद्यार्थ्याने त्यातला युक्तिवाद प्रकरणागणिक स्वतःच्या शब्दांत मांडून पाहावा आणि त्यासोबत 1925 मध्ये त्यांनी भारतीय चलनावरच्या हिल्टन यंग आयोगापुढे दिलेली साक्षही वाचावी. एक बाजू कशी उभी करायची आणि विरोधी बाजू किती प्रामाणिकपणे मांडायची, याचा याहून चांगला वस्तुपाठ आपल्या लोकांत दुसरा नाही.

प्रबंधाचे तीन स्वतंत्र निबंध करावेत, असा आजचा प्रघात आहे आणि तो सोयीचा आहे. पहिला निबंध दुसऱ्या वर्षाअखेर एखाद्या परिषदेत वाचावा. नियतकालिक निवडताना सावध राहावे: विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे बरेवाईट ओळखण्याची जबाबदारी आता संशोधकावर आणि त्याच्या संस्थेवर आहे. पैसे घेऊन आठवड्याभरात निबंध छापणाऱ्यांची पत्रे दर महिन्याला येतील. ती उघडूही नयेत. आकडेवारी आणि संगणकीय आज्ञावली दुसऱ्याला चालवून पाहता येतील अशा रीतीने ठेवाव्यात, कारण चलनाच्या क्षेत्रात निष्कर्ष पुष्कळदा एखाद्या वर्षाच्या समावेशावर लटकलेला असतो. 2013 चा उन्हाळा आणि पावसाळा, जेव्हा रुपया मेमध्ये 55 च्या आसपास होता आणि ऑगस्टअखेर 68 ओलांडून गेला, किंवा 2016 अखेरची नोटबंदी, वगळून पाहिले तर निष्कर्ष टिकतो का, हे परीक्षकाने विचारण्याआधी स्वतः तपासावे.

नोकरी

पीएच.डी.नंतर गोव्यातच राहायचे असेल तर वाटा मोजक्या आहेत. गोवा विद्यापीठ, झुआरीनगरचा बिट्स पिलानीचा परिसर, आणि सरकारी व अनुदानित महाविद्यालये. सरकारी महाविद्यालयांतली साहाय्यक प्राध्यापकाची पदे गोवा लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. जाहिरातीत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे ज्ञान इष्ट असे असते, आणि पंधरा वर्षांच्या निवासाचा दाखला लागतो, तेव्हा बाहेर शिकायला गेलेल्याने ही कागदपत्रे वेळेत सांभाळावीत. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होते. महाविद्यालयात आठवड्याचे तास जास्त असतात आणि संशोधनाला उरलासुरला वेळ मिळतो. अशा वेळी मोठ्या प्रतिमानांच्या मागे लागण्यापेक्षा फलकाच्या नोंदीसारखे, दप्तरासारखे, सातत्याने थोडे थोडे पुढे सरकणारे काम हाती धरणे शहाणपणाचे ठरते. ते परीक्षेच्या हंगामातही बंद पडत नाही.

विद्यापीठाबाहेर रिझर्व्ह बँकेचा आर्थिक व धोरण संशोधन विभाग आणि केंद्राची भारतीय अर्थसेवा हे दोन दरवाजे आहेत. तिथे आकडेवारी आतून पाहायला मिळते, आणि स्वतःच्या नावाने मुक्तपणे लिहिण्यावर साहजिकच बंधने येतात. रिझर्व्ह बँकेत काही वर्षे काढून अध्यापनात परतलेले अर्थतज्ज्ञ भारतात अनेक आहेत. त्यांच्या लेखनात हस्तक्षेपाच्या रोजच्या व्यवहाराची जी जाण दिसते ती केवळ पुस्तके वाचून येत नाही.

अध्यापनाला लागल्यावर वर्तमानपत्रांकडून विचारणा सुरू होते. रुपया घसरला की पणजीहून फोन येतो: आता किती पडेल? याचे उत्तर देऊ नये. त्याऐवजी घसरण्याने गोव्यात कोणाचे काय होते हे लिहून द्यावे: परदेशस्थ मुलाकडून पैसे येणाऱ्या घराचे, हंगामी हॉटेलवाल्याचे, मुलीला परदेशी शिकायला पाठवलेल्या बापाचे, आयात इंधनावर चालणाऱ्या ट्रॉलरमालकाचे. हे मराठीत लिहावे, सोप्या पण काटेकोर भाषेत. ज्या कंपनीकडून किंवा बँकेकडून सल्ल्याचे मानधन घेतले तिचे नाव लेखाखाली नमूद करावे. डॉलरमध्ये स्वतःची गुंतवणूक असेल तर तीही.

या कारकिर्दीचे सर्वांत वरचे सार्वजनिक टोक म्हणजे पतधोरण समिती. रिझर्व्ह बँक कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीने ती स्थापन झाली. सहा सदस्यांपैकी तीन बाहेरचे असतात, त्यांची मुदत चार वर्षांची असते आणि फेरनियुक्ती होत नाही. महागाई 4 टक्क्यांवर, दोन्ही बाजूंना 2 टक्क्यांची मुभा धरून, राखण्याचे उद्दिष्ट या समितीपुढे ठेवले गेले. पहिल्या तीन बाह्य सदस्यांत चेतन घाटे, पमी दुआ आणि रवींद्र ढोलकिया हे तिघेही अध्यापक होते. 2020 मध्ये आलेल्या आशिमा गोयल आणि जयंत वर्मा हेही. म्हणजे वर्गात शिकवणाऱ्याला देशाचा व्याजदर ठरवण्यात एक मत मिळू शकते. बैठकीआधी आणि नंतर सात दिवस सदस्याला धोरणाविषयी जाहीरपणे बोलता येत नाही. चौदाव्या दिवशी मात्र इतिवृत्त प्रसिद्ध होते, आणि त्यात प्रत्येकाचे मत त्याच्या नावानिशी, कारणांसह छापलेले असते. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना ही इतिवृत्ते वाचायला द्यावीत: एखादा अध्यापक-सदस्य निवडावा, त्याचे आधीचे शोधनिबंध एका बाजूला आणि त्याची समितीतली मते दुसऱ्या बाजूला ठेवावीत, आणि तो कुठे आपल्याच निष्कर्षांशी फटकून वागला व त्याची काय कारणे त्याने दिली ते चार पानांत लिहावे.